तोंडाने चौतीस, हाताने छत्तीस

मुलुंड (पूर्व),
पितृपक्ष, सप्टेंबर १९८६

तीर्थस्वरूप भिकाजीमामांना, आणि ओसरीवर तुमच्या शेजारी तांदूळ निवडत हे पत्र ऐकणाऱ्या मामीलाही, दशरथाचा मुलुंडहून वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे केवळ लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. आम्ही खरोखरच ठीक आहोत, आणि कसे काय ठीक राहिलो हे सांगण्यासाठीच आज कात्री बाजूला ठेवून पेन हातात घेतलं आहे. मामीचा गुडघा कसा आहे? तुमच्या भाचेसुनेने, मालनने, पाठवलेलं तेल ती लावते, की देवळातल्या समईत घालते? आणि तुमचा खोकला बिडी सोडल्यावर गेला, की बिडी सोडल्याची बातमीच खोटी होती? (मालन म्हणते, असं मोठ्यांना विचारू नये. पण पेनाने लिहिलेलं आता खोडता येत नाही.) पितृपक्षात नवं कापड कोणी फाडत नाही, त्यामुळे दुकानात उसंत आहे. पत्र लांबलं तर दोन बैठकीत वाचा.

गणपतीला मी गावी आलो नाही म्हणून वाडीत काय काय बोललं गेलं असेल त्याची मला कल्पना आहे. आमच्या घराण्यात गणपतीला न येणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर तुरुंगात. मी आजारी नव्हतो, आणि मामा, दुसरंही अगदी थोडक्यात हुकलं. तुम्ही कणकवलीच्या कोर्टात जन्मभर बेलिफाचं काम केलंत, लोकांच्या दारावर नोटिसा डकवल्यात. मी नोकरी सोडून स्वतःचं दुकान घालतो म्हटल्यावर तुम्ही मे महिन्यात मला चुलीपाशी बसवून म्हणाला होतात, “रामनाथाचा मीठ खाल्लंस, आता तेच्याच तोंडार दुकान घालतंस? वकिलाचो कागद येतलो, सांगान ठेवतंय.” मामा, तुमचा शब्द खोटा ठरला नाही, कागद आला. पण त्या कागदाचं पुढे काय झालं ते ऐकाल तर ओसरीवरून उठून नाचाल. (मामीने नाचू नये, गुडघा आहे.)

मामीला नीट माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगतो. मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याजवळ रामनाथशेटचं लेडीज टेलरिंगचं दुकान. बाबांची गिरणी संपात बंद पडायच्या कितीतरी आधी मी तिथे कात्री धरली, आणि बघता बघता मुख्य कटर झालो. रामनाथशेट गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना ‘या वहिनी, बसा वहिनी’ करायचा, बाकी वहिनींचं सगळं माझ्याकडे. गळा किती खोल, बाही कोपराच्या वर की खाली, कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाला बगलेत मुंढा काचतो, कुणाची सासू मागचा गळा बघून बोलते, हे सगळं मला पाठ. मापाच्या वहीत बघायची मला कधी गरज पडली नाही. वही रामनाथशेट स्वतः गल्ल्याखाली कुलपात ठेवायचा. शिवाय कामाला ठेवताना त्याने माझ्याकडून एका स्टँपपेपरवर सही घेतली होती की दुकानाच्या गिऱ्हाइकांची माहिती मी बाहेर कधीही वापरणार नाही. तो दसऱ्याचा दिवस होता, माझ्या एका हातात पेढा होता, आणि पेढा हातात असताना कोण वाचत बसतो?

तर श्रावण लागायच्या तोंडावर मी पूर्वेला, स्टेशनच्या पुलावरून उतरलं की लगेच, गाळा घेतला. त्यासाठी मालनच्या पाटल्या गेल्या (ती हे रोज सांगते, म्हणून तुम्हालाही सांगून टाकतो). दुकान उघडलं म्हणजे जाहिरात हवी. मी भांडुपच्या एका छापखान्यात जाऊन गुलाबी कागदावर हँडबिलं छापून घेतली. मजकूर माझा स्वतःचा होता, आणि आजही मला तो आवडतो: ‘भगिनींनो! माप देण्यासाठी येण्याची तसदी आता नको. आपणा सर्वांचे माप आमच्याकडे तयार आहे. फक्त कापड पाठवा.’ खाली माझं नाव, आणि त्याच्याखाली ‘पाच रस्त्याचे सुप्रसिद्ध कटर’. पेपरवाल्याला सांगून दोन्ही बाजूंच्या मुलुंडमध्ये घरोघरी पेपरात टाकली. रामनाथशेटच्या पेपरात तर मी मुद्दाम दोन टाकायला सांगितली होती, न जाणो एखादं वाऱ्याने उडालं तर.

मामा, चोरी केल्यावर कोणी पोलीस चौकीत पेढे वाटायला जात नाही. मी गेलो, आणि चोरी न करता गेलो. आठवडाही झाला नसेल, तो नोटीस दारात. त्यात लिहिलं होतं की मी रामनाथशेटच्या गिऱ्हाइकांची गोपनीय मापं पळवली आहेत, हे मी स्वतः छापून कबूल केलं आहे (सोबत गुलाबी कागद जोडला होता), मी ती सगळी मापं ताबडतोब परत करावीत, त्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवणं थांबवावं, नुकसानभरपाई द्यावी, नाहीतर कोर्टातून मनाई हुकूम आणून माझं काम बंद पाडण्यात येईल. आता मापं परत करायची म्हणजे काय करायचं हे मला कळेना. डोकं उतरवून रामनाथशेटच्या गल्ल्यावर ठेवायचं? पण हसू काही आलं नाही. गौरी-गणपतीचा हंगाम तोंडावर, कपाटात कापडाची थप्पी, आणि आत्ता जर दुकानाला कुलूप लागलं तर पुन्हा उघडायची माझी ऐपत नव्हती. मालन नुसती मनगटाकडे बघत राहिली.

पूर्वेलाच पद्मजाबाई देवस्थळी म्हणून वकील आहेत. ठाण्याच्या कोर्टात जातात, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला आणि मला पहिला प्रश्न विचारला की वहीतलं काही उतरवून आणलंत का. मी म्हटलं, एक आकडासुद्धा नाही, देवाशप्पथ. मग त्यांनी मला जे समजावलं ते तुमच्यासारख्या कोर्टातल्या माणसाला माहीत असेलच, पण मला नवीन होतं. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करायला कायद्याने कोणी अडवू शकत नाही. हाताला लागलेलं कसब आणि डोक्यात बसलेलं ज्ञान माणसाचं स्वतःचं असतं. पण मालकाने सांभाळून ठेवलेली गिऱ्हाइकांची माहिती उतरवून नेली, आणि तिच्या जोरावर तीच गिऱ्हाइकं ओढली, की माणूस अडकतो. म्हटलं, झालं तर मग, मी सुटलो. त्यांनी गुलाबी कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, की डोक्यात होतं ना, तर डोक्यातच ठेवायचं होतं. हे वाचल्यावर कुठला न्यायाधीश मानेल की तुमच्याकडे वही नाही? मी म्हटलं, पण मजकूर चांगला आहे ना? त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

आता पुढचा भाग मामीला नीट वाचून दाखवा, कारण सगळा खेळ इथेच आहे. पद्मजाबाईंनी विचारलं, त्या वहीत असतं तरी काय? मी सांगितलं की वहीत खरं माप असतं. त्या म्हणाल्या, खरं म्हणजे? खोटं कुठे असतं? मामा, आमच्या धंद्यातली ही गोष्ट आम्ही बायकोलाही सांगत नाही. बाई दुकानात येते, टेप लावतो (कुठल्या मापाला ते मामी समजून घेईल), टेप छत्तीस दाखवते. पण बाईचं लग्न चौतीसवर झालेलं असतं आणि तिच्या मनात ती अजून चौतीसच असते. छत्तीस म्हणालो तर चेहरा पडतो, आणि पुढच्या वेळी ती दुसऱ्या टेलरकडे जाते. म्हणून तोंडाने चौतीस म्हणायचं आणि हाताने वहीत छत्तीस लिहायचं. ब्लाउज छत्तिसाचा शिवायचा, घालून बाई खूश, की बघा, मी होते तश्शीच आहे. पश्चिमेच्या निम्म्या सुवासिनी या एका गोष्टीवर सुखात आहेत.

पद्मजाबाईंनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग माझ्या ध्यानात आलं की त्याही रामनाथशेटच्याच गिऱ्हाईक. वकिलीच्या पांढऱ्या साडीवरचे त्यांचे सगळे ब्लाउज मीच कापलेले. त्यांनी हळूच विचारलं, “आणि माझं?” मी टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघायला लागलो. तेव्हा त्या म्हणाल्या, “दशरथ, अशिलाने वकिलापासून काही लपवायचं नसतं.” सांगितलं मी. इथे लिहीत नाही, कारण अशिलानेही वकिलाचं थोडं राखायला हवं. त्यांनी उठून खिडकी उघडली, पंखा वाढवला आणि परत बसून टाइपरायटर पुढे ओढला. मामा, त्या दिवशी तो टाइपरायटर ज्या पद्धतीने वाजत होता ते ऐकून खालच्या वाण्याने वर येऊन विचारलं की काही तोडफोड चालली आहे का.

उत्तर झकास होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्या अशिलाने कुठलीही वही उतरवलेली नाही. तरी वादीचं म्हणणं असेल तर त्याने मूळ वही भर कोर्टात हजर करावी, त्यातलं प्रत्येक माप नावासकट मोठ्याने वाचून सिद्ध करावं, आणि ज्या ज्या बाईचं माप चोरलं असा आरोप आहे त्या प्रत्येक बाईला साक्षीदार म्हणून बोलवावं, म्हणजे वहीतलं माप तिचंच आहे की नाही हे आम्ही तिला पिंजऱ्यात उभं करून विचारू. माप गोपनीय आहे असं म्हणायचं असेल तर आधी ते आहे किती हे सिद्ध करा. मला पद्मजाबाईंनी बजावलं होतं की जिंकू याची खात्री नाही, हँडबिल वाईटच आहे, त्यामुळे आता गप्प बसायचं आणि कुठे काही बोलायचं नाही. मी कुठेही बोललो नाही. फक्त मालनला सांगितलं.

मालन श्रावणातल्या शुक्रवारी क्षमाताई खानोलकरांकडे हळदीकुंकवाला गेली. क्षमाताई म्हणजे मुख्याध्यापिका, महिला मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांच्यासमोर नगरसेवकही पायातली चप्पल सरळ करतो. तिथे दूध-चणे खाताना मालनने शेजारच्या एकाच बाईला, शप्पथ घालून, कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं की आता तुम्हा सगळ्यांना ठाण्याच्या कोर्टात जावं लागणार, तिथे शिपाई नाव पुकारणार आणि कारकून माप वाचणार. आणि माप वहीतलं बरं का, तोंडातलं नव्हे. म्हणजे काय, असं त्या बाईने विचारलं. मालनने सांगितलं म्हणजे काय ते. (हो मामा, मीच तिला सांगितलं होतं. बायकोला सांगत नाही असं वर लिहिलंय ते नोटीस येईपर्यंत खरं होतं.) चणे संपायच्या आत, दूध तसंच टाकून सगळ्याजणी उठल्या.

पुलावरून तो मोर्चा पश्चिमेला उतरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पुढे क्षमाताई, कपाळावर ताजी हळद, मागे सगळं मंडळ, हातात फुलं आणि विड्याची पानं तशीच. रामनाथशेटला वाटलं की गौरीची ऑर्डर आली. “या वहिनी, बसा वहिनी” म्हणत तो उठला. क्षमाताईंनी एकच सांगितलं की वही काढा. मी समोरच्या पानाच्या ठेल्याआड उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं. प्रत्येकीला स्वतःचं पान बघायचं होतं आणि दुसरीने ते बघू नये असंही हवं होतं. क्षमाताई आपल्या पानावर हात आडवा ठेवून वाचत होत्या, परीक्षेत हुशार मुली ठेवतात तसा. मग त्यांनी हळूच हात काढला, वही मिटली, आणि कुणाकडेही न बघता पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. त्यानंतर रामनाथशेट जे बोलत होता ते मला बाहेरून सुद्धा ऐकू आलं, “अहो वहिनी, आकडे दशरथचे आहेत, मी फक्त कुलूप लावतो हो!” आणि तेच त्याला भोवलं. कारण क्षमाताई म्हणाल्या, म्हणजे ज्याने मापं घेतली त्याच्यावरच तुम्ही मापं चोरल्याचा खटला भरताय, आणि त्यात आमची धिंड काढताय? उद्या ही वही कोर्टात गेली तर मुलुंडची एक बाई तुमच्या पायरीवर पाय ठेवणार नाही. तेवढं म्हणून मंडळ परत पूर्वेला आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामनाथशेट आपल्या वकिलाला घेऊन पद्मजाबाईंकडे हजर. मामा, मी नवा सदरा घालून गेलो होतो, आणि खुर्चीत मुद्दाम थोडा मागे रेलून बसलो. कागद झाला. त्याने नोटीस मागे घेतली, भरपाईचं नाव सोडलं. मी लिहून दिलं की अशी हँडबिलं पुन्हा काढणार नाही आणि त्याच्याकडची जुनी मापं वापरणार नाही. मी विचारलं, जुनी मापं विसरायची कशी? पद्मजाबाई म्हणाल्या की कायदा विसरायला सांगत नाही, वापरायचं नाही एवढंच. आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने येऊन आपलं माप नव्याने देत असेल तर ते माप तुमचं, त्याला जगात कोणी हात लावू शकत नाही. सही करताना रामनाथशेटने माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना मात्र दारात थांबून म्हणाला, कात्रीला धार बरी आहे ना रे? मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

आणि मग काय सांगू! बायका पुलावरून आल्या, पूर्वेच्या आल्या, ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं त्याही आल्या. सगळ्या नवं माप द्यायला. पहिल्या पहिल्यांदा आल्या आल्या म्हणायच्या की आता खोटं नको, खरं काय ते सांगा. मी टेप बघून खरं सांगायचो. मग प्रत्येक बाई इकडेतिकडे बघून म्हणायची, जाऊ दे, पहिल्यासारखंच सांगत जा. पद्मजाबाई तर दारातूनच म्हणाल्या, “दशरथ, मी वकील आहे, मला पुरावा लागत नाही, नुसतं चौतीस म्हणा.” गणपतीच्या आदल्या दिवशीपर्यंत मशीन थंड झालं नाही. गावच्या गणपतीला मी येऊ शकलो नाही ते यासाठी, आणि गणपतीने समजून घेतलं असेल, कारण त्याच्या आईला, गौरीला, मुलुंडमध्ये यंदा मी शिवलेल्याच चोळ्या होत्या. मालनच्या पाटल्या दिवाळीपर्यंत परत येतील. मामा, डोक्यातलं कोणी काढून घेऊ शकत नाही, हे मी भर कायद्याने सिद्ध करून दाखवलं, आणि वाडीत हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

मामीला नमस्कार. आपला, मुलुंडचा विजयी भाचा,
दशरथ

ता. क. – एवढ्या मोठ्या पत्रात चि. नंदकिशोरचं नाव कुठेच आलं नाही हे मामीच्या पहिल्याच पानाला लक्षात आलं असेल. तुमच्या मुलाची तब्येत उत्तम आहे. मी रामनाथशेटकडे असतानाच तुम्ही त्याला शिकायला म्हणून माझ्याकडे पाठवलंत, मी त्याच्या हातात कात्री दिली, आता कटिंग माझ्यापेक्षा सफाईदार करतो. त्याने दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकान उघडायला आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गाळा घेतला आहे. मी त्याला म्हटलं, एका साध्या कागदावर सही कर की माझ्या गिऱ्हाइकांची माहिती वापरणार नाहीस. तो हसला आणि म्हणाला, “दादा, डोक्यातलं माझं ना?” हे त्याला कोणी शिकवलं ते विचारू नका. मी पद्मजाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या कायदा तोच आहे, आणि त्याचं दुकान रविवारी उघडं असेल का असंही विचारलं.

दुसरा ता. क. – म्हणून पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की दसऱ्याच्या आधी मिळेल त्या एस.टी.ने तुम्ही मुंबईला यावं. बेलिफाचा खाकी कोट अजून ट्रंकेत असेल तर घालूनच यावं. पोराला कोर्टाची जरा भीती घाला, तो तुमचं ऐकेल. मी रागाने लिहीत नाही. खरं सांगायचं तर तो मशीनवर नसला की मला दुकानात करमणार नाही, आणि हे मी त्याला तोंडाने सांगू शकत नाही. वरचा मजकूर वाडीत वाचून दाखवू नये, आणि त्याला तर अजिबात नको.

तिसरा ता. क. – पाकीट चिकटवायला मालनकडे डिंक मागितला तर तिने सांगितलं की नंदकिशोरच्या दुकानातला पहिला ब्लाउज तिचा आहे, कापड तो परवाच घेऊन गेला. मी म्हटलं, अगं, निदान तू तरी! ती म्हणाली, तुम्ही माझा ब्लाउज शेवटचा कधी शिवलात? मी आठवायला बसलो. मामा, सगळ्या मुलुंडची मापं मला पाठ आहेत, हिचं आठवेना.